फंक्शन डिक्लेअर न करता कॉल केलं आणि प्रोग्राम पडायला लागला : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका छोट्या टीमकडे सी मधला एक जुना प्रोग्राम होता. काम साधंच, यंत्रांवरून येणाऱ्या रीडिंगच्या टेक्स्ट फायली वाचायच्या, बिघडलेल्या ओळी बाजूला काढायच्या, रीडिंग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं असेल तर तिथे खूण करायची आणि शेवटी रिपोर्ट काढायचा. चाळीसेक फायलींचा कोड, त्यातला बराचसा ३२ बिट मशीनच्या काळात लिहिलेला आणि लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले. मला बोलावलं तेव्हा तक्रार एका वाक्याची होती : जुन्या मशीनवर चालतो, नव्या मशीनवर सुरू केल्या केल्या पडतो. ओळख पटू नये म्हणून फंक्शनांची आणि फायलींची नावं मी बदलली आहेत.

कोडची रचना आधी सांगतो कारण सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. हेडर फायली (ज्यात फंक्शनांची ओळख लिहून ती दुसऱ्या फायलींत घेता येते) जवळपास नव्हत्याच, एक होती तीही फक्त कॉन्स्टंट ठेवायला. 'साधने.सी' मध्ये फंक्शन लिहिलेलं, 'पार्सर.सी' मधून ते सरळ नावाने कॉल केलेलं, मध्ये कुठेही त्या फंक्शनची ओळख, म्हणजे डिक्लेरेशन, करून दिलेली नाही. आणि हे सगळं कंपाइल होत होतं, लिंक होत होतं आणि वर्षानुवर्षं चालतही होतं.

ते का चालत होतं हे समजायला एक जुना नियम माहीत पाहिजे. सी चा कंपाइलर फाइल वरून खाली एकदाच वाचत जातो आणि प्रत्येक सी फाइल वेगळी कंपाइल होते, शेजारच्या फाइलमध्ये काय आहे याचा त्याला पत्ताच नसतो. मग आधी न पाहिलेलं नाव आणि पुढे कंस दिसला की करायचं काय? १९८९ च्या स्टँडर्डमध्ये याला सूट होती, कंपाइलरने स्वतःच धरून चालायचं की हे इंट म्हणजे पूर्णांक परत देणारं फंक्शन आहे आणि त्याला काय काय पाठवायचं ते माहीत नाही. यालाच इम्प्लिसिट डिक्लेरेशन म्हणतात. १९९९ च्या स्टँडर्डने ही सूट काढून टाकली, पण जुना कोड मोडू नये म्हणून कंपाइलर त्यानंतरही कित्येक वर्षं नुसती वॉर्निंग देऊन पुढे जात राहिले. क्लँग या कंपाइलरने १६ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२३ मध्ये आणि जीसीसी या दुसऱ्या कंपाइलरने १४ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२४ मध्ये ही गोष्ट बाय डिफॉल्ट एरर केली. या टीमच्या नव्या मशीनवरचा जीसीसी १४ च्या आधीचा होता, म्हणजे अजून वॉर्निंगवालाच.

आणि ती वॉर्निंगसुद्धा कुणाला दिसत नव्हती.

अडचण

नव्या मशीनवर कोणतीही फाइल दिली, अगदी चार ओळींची दिली तरी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम बंद. जुन्या मशीनवर तोच कोड, तेच मेकफाइल, तीच फाइल, काही त्रास नाही. साहजिकच सगळ्यांचा संशय नव्या मशीनवर, कुणी म्हणे लायब्ररी बदलली, कुणी म्हणे मेमरी खराब असेल.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली जी टीमला या अडचणीशी संबंधित वाटतच नव्हती. जुन्या मशीनवर 'मोठी फाइल दिली की कधीकधी पडतो' हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर उपाय म्हणून फाइल तुकडे करून द्यायची सवय पडली होती, नवीन माणसाला पहिल्या दिवशीच हे शिकवलं जायचं. का पडतो हे कुणी कधी शोधलं नव्हतं. मला हे ऐकल्याबरोबर वाटलं की दोन्हीचं मूळ एकच असणार, पण वाटणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं.

शोध कसा लागला

टीममधल्या एका ज्युनिअर मुलीने आधीच जीडीबी हा डीबगर लावून कुठल्या ओळीवर पडतं ते काढून ठेवलं होतं. 'पार्सर.सी' मध्ये 'फाइल_वाचा' नावाचं फंक्शन कॉल होत होतं, ते पूर्ण फाइल मेमरीत घेऊन तिचा पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता परत देतं, आणि तो पॉइंटर पहिल्यांदा वापरताक्षणी प्रोग्राम पडत होता. तिने 'फाइल_वाचा' चा कोड दोनदा तपासला होता, त्यात चूक सापडत नव्हती आणि सापडणारही नव्हती, कारण त्यात चूक नव्हतीच.

मी तिला एवढंच सुचवलं की फंक्शनच्या आत, रिटर्न व्हायच्या अगदी आधी पॉइंटर छापून बघ आणि बाहेर, कॉल संपल्यावर लगेच परत छापून बघ. आत पत्ता बारा हेक्स अंकांचा होता. बाहेर तोच पत्ता आठ अंकांचा. शेवटचे आठ अंक तंतोतंत तेच, पुढचे चार गायब.

डिसअसेम्बली, म्हणजे कंपाइलरने बनवलेल्या मशीन कोडच्या सूचना, काढल्यावर प्रश्नच उरला नाही. कॉलच्या लगेच खाली 'सीएलटीक्यू' नावाची सूचना होती. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर फंक्शनचं उत्तर आरएएक्स रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधली छोटी जागा) येतं आणि ही सूचना काय करते तर त्याचे खालचे ३२ बिट घेते आणि त्यांच्या चिन्हावरून वरचे ३२ बिट नव्याने भरते. कंपाइलरने ती स्वतः घातली होती कारण त्याच्या समजुतीप्रमाणे 'फाइल_वाचा' इंट परत देतं, इंट ३२ बिटचा आणि आता त्याचा ६४ बिटचा पॉइंटर बनवायचाय. जीडीबीच्या बाहेर चालवलं की प्रत्येक वेळी पत्ता बदलायचा, म्हणून कधी वरचा भाग सगळा शून्य तर कधी सगळा एफ यायचा आणि त्यामुळे आधी वाटत होतं की दोन वेगवेगळे बग आहेत.

मग जुन्या मशीनवर का चालत होतं? मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

३२ बिटच्या काळात इंट आणि पॉइंटर दोन्ही ३२ बिटचे, त्यामुळे कंपाइलरचा अंदाज चुकीचा असूनही नुकसान शून्य. पुढे टीम ६४ बिटवर आली, तिथे पॉइंटर ६४ बिटचा झाला पण इंट ३२ च राहिला, म्हणजे तिथेच पडायला पाहिजे होतं. पडला नाही कारण त्या वेळच्या लिनक्सवर साधा प्रोग्राम ठरलेल्या, खालच्या पत्त्यावर लोड व्हायचा आणि मॅलॉकने (मेमरी मागायचं सी चं फंक्शन) मागितलेली छोटी मेमरी त्याच्याच लगेच पुढे मिळायची. हे पत्ते इतके लहान की वरचे ३२ बिट मुळातच शून्य, कापले काय आणि ठेवले काय, सारखंच. पण मागितलेली मेमरी १२८ किलोबाइटच्या वर गेली की लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी ती एमएमॅपने, म्हणजे सिस्टीमकडून थेट वेगळी, घेते आणि ती मिळते पार वरच्या पत्त्यावर. तो पत्ता कापला की संपलं. म्हणजे 'मोठी फाइल दिली की पडतो' हे रहस्य एवढंच होतं, आणि त्यातला 'कधीकधी' हा शब्द लोकांनीच जोडलेला कारण फाइलची साइज कुणी लिहून ठेवतच नव्हतं.

नव्या सिस्टीमवर कंपाइलर बाय डिफॉल्ट पीआयई बनवतो, म्हणजे प्रोग्राम दर वेळी वेगळ्या आणि खूप वरच्या पत्त्यावर लोड होऊ शकेल असा. सुरक्षेसाठी केलेला बदल आहे, उबंटूने १६.१० पासून ६४ बिट पीसीसाठी आणि डेबियनने ९ पासून तो लावला. प्रोग्राम वर गेला तशी त्याच्या शेजारची छोटी मेमरीही वर गेली आणि आता चार ओळींच्या फाइलचा पॉइंटरसुद्धा कापला जायला लागला. नव्या मशीनने काहीच बिघडवलं नव्हतं, आधीपासून असलेली चूक फक्त रोज दिसायला लागली.

वॉर्निंग कुठे गेल्या होत्या

हा पहिला निर्णयाचा मुद्दा आणि तो आम्ही येण्याच्या खूप आधी होऊन गेलेला.

जुन्या कमिट बघितल्या तर गोष्ट दोन टप्प्यांत घडलेली दिसते. ३२ बिटच्या काळात कंपाइलरने सांगितलं होतं की इंटमधून पॉइंटर बनवतोयस, कास्ट (टाइप बदलायची स्पष्ट सूचना) नाहीये. त्यावर कुणीतरी कॉलच्या आधी कॅरेक्टर पॉइंटरचं कास्ट लावलं आणि वॉर्निंग गेली. इथे थांबून विचार करायला हवा होता, की 'फाइल_वाचा' पॉइंटर देतं हे मला माहितेय मग कंपाइलर इंट का म्हणतोय? पण वॉर्निंगमध्ये कास्ट हा शब्द होता म्हणून कास्ट दिलं. कास्टने कंपाइलरला काहीही नवीन कळत नाही, त्याने फंक्शनबद्दल केलेला अंदाज तसाच राहतो, फक्त तक्रार बंद होते.

दुसरा टप्पा ६४ बिटवर आल्यावर. आता नव्या वॉर्निंग आल्या, वेगळ्या साइजच्या इंटमधून पॉइंटरला कास्ट करतोयस अशा, शेकड्यांनी. म्हणजे कंपाइलर पुन्हा त्याच जागेवर बोट ठेवून सांगत होता. पण इतक्या वॉर्निंगच्या ढिगात कुणाला काही सुचेना आणि मेकफाइलमध्ये सगळ्या वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग टाकला गेला, तो एकट्या छोट्या डब्ल्यूचा. त्या दिवसापासून बिल्ड एकदम स्वच्छ दिसायला लागलं.

मला त्या माणसांचा राग येत नाही, डेडलाइन असते, प्रोग्राम चालत असतो. पण तो फ्लॅग टाकताना 'तात्पुरता' अशी एक कमेंट असती आणि कुणाच्या तरी नावावर ते काम लावलेलं असतं तर पुढची कित्येक वर्षं लोक फायलींचे तुकडे करत बसले नसते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय टीम लीडने स्वतःच शोधला होता. लिंक करताना पीआयई बंद करायचा फ्लॅग दिला की नव्या मशीनवरही प्रोग्राम चालतो. त्यांचं म्हणणं, "अहो, एका फ्लॅगने चालतंय ना, मग आत्ता एवढं खोदायचं कशाला?" प्रश्न रास्त होता, त्यांना आठवड्याचा रिपोर्ट द्यायचा होता. मी त्यांना सांगितलं की आजच्या दिवसापुरतं हे करा, मी अडवत नाही, पण मोठ्या फाइलवर तो तसाच पडेल, आणि कापलेला पॉइंटर दर वेळी पाडेलच असं नाही, एखाद्या दिवशी तो दुसऱ्याच कुठल्या तरी वैध जागेवर पडला तर चुकीचा डेटा वाचून व्यवस्थित रिपोर्ट छापून देईल. या दुसऱ्या शक्यतेवर ते गप्प झाले.

दुसरा पर्याय होता 'पार्सर.सी' च्या वर एक्सटर्न लावून 'फाइल_वाचा' चं डिक्लेरेशन हाताने लिहायचं. एक ओळ, बग गेला. बरेच जण हेच करतात आणि शिकताना ठीकही आहे. पण यात एक भोक आहे. ते डिक्लेरेशन आणि खरं फंक्शन वेगवेगळ्या फायलींत राहतात, कंपाइलर दोन्ही एकत्र कधीच बघत नाही आणि लिंकर फक्त नाव जुळवतो, सी मध्ये तो टाइप तपासत नाही. उद्या कुणी फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला तर हाताने लिहिलेली ती ओळ खोटी होईल आणि सगळं काही न बोलता लिंक होईल.

तिसरा विचार ज्युनिअर मुलीचा, फंक्शनांचा क्रम बदलायचा, म्हणजे जे कॉल होतं ते वर आणि कॉल करणारं खाली. एकाच फाइलच्या आतल्या फंक्शनांना हे चालतं आणि मला आवडतंही, कारण डेफिनिशन हेच डिक्लेरेशनचंही काम करतं. पण फाइल वेगळी असली की क्रमाचा उपयोग नाही. आणि आपल्याच पार्सरमध्ये बघा ना, राशी वाचणारं फंक्शन पद वाचणाऱ्याला कॉल करतं, पद वाचणारं घटकाला, आणि घटकामध्ये कंस आला की परत राशीला. हे गोल फिरतं, कुणालाही वर ठेवा, एकाला तरी न पाहिलेलं नाव कॉल करावंच लागणार. तिथे फाइलच्या सुरुवातीला डिक्लेरेशन लिहिण्यावाचून मार्ग नाही.

चौथा पर्याय म्हणजे सगळ्या फंक्शनांची डिक्लेरेशनं असलेली एकच मोठी हेडर बनवायची, तीही स्क्रिप्टने. लीडला ही कल्पना आवडली होती कारण अर्ध्या दिवसात झालं असतं. मी विरोध केला. एक तर त्या हेडरमध्ये काहीही बदललं की सगळ्या फायली पुन्हा कंपाइल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणतं फंक्शन बाहेरच्यांसाठी आहे आणि कोणतं फाइलच्या आतलं हा भेद कायमचा पुसला जातो, जो या कोडमध्ये आधीच पुसट झाला होता.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक सी फाइलची स्वतःची हेडर, त्यात फक्त बाहेरून वापरायची फंक्शनं, पूर्ण प्रोटोटाइपसह म्हणजे परत काय देतो आणि प्रत्येक पॅरामीटरचा टाइप काय हे लिहून. ती हेडर वापरणाऱ्यानेही घ्यायची आणि जिथे फंक्शन लिहिलंय त्या फाइलनेही घ्यायची. हे दुसरं घेणं लोक विसरतात, आणि खरी ताकद त्यातच आहे, कारण तेव्हाच कंपाइलरला प्रोटोटाइप आणि डेफिनिशन एकाच वेळी दिसतात आणि फरक असला तर तो तिथल्या तिथे एरर देतो. बाकीची आतली फंक्शनं स्टॅटिक, म्हणजे फक्त त्याच फाइलला दिसणारी.

प्रत्यक्षात काय केलं

सगळ्यात आधी वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग काढला आणि फक्त एक वॉर्निंग एरर केली, इम्प्लिसिट फंक्शन डिक्लेरेशनची. बाकीच्या आहेत तशा राहू दिल्या. हा निर्णय मुद्दाम होता, सगळ्या वॉर्निंग एकदम एरर केल्या असत्या तर लोक पुन्हा घाबरले असते आणि तो फ्लॅग दोन दिवसांत परत आला असता.

मग एकेक फाइल. सुरुवातीला नुसतं टंकलेखन वाटणारं काम लवकरच वेगळं निघालं, कारण हेडर लागायला लागल्या तशा कंपाइलरला पहिल्यांदाच कळायला लागलं की कोण कुणाला काय पाठवतंय.

एक फंक्शन तीन पॅरामीटर घेत होतं आणि एका ठिकाणाहून त्याला दोनच पाठवले जात होते. तिसऱ्याच्या जागी त्या रजिस्टरमध्ये आधीचं जे काही उरलं असेल ते. नशीब, तो पॅरामीटर फक्त डीबगचा मजकूर छापायचा की नाही हे ठरवत होता.

'मर्यादा_लावा' चं प्रकरण मात्र गंभीर होतं. हे फंक्शन एक डबल म्हणजे दशांश आकडा घेतं, रीडिंगची वरची मर्यादा. पूर्वी सगळीकडे कॉल करताना दशांश चिन्हासकट आकडा लिहिलेला, त्यामुळे डिक्लेरेशन नसतानाही डबलच जात होता आणि काम बरोबर होत होतं. नंतर कधीतरी एका रिपोर्टमध्ये कुणीतरी नुसतं १० लिहिलं. प्रोटोटाइप असता तर कंपाइलरने त्या १० चा डबल करून पाठवला असता, कुणाला कळलंही नसतं. प्रोटोटाइप नाही म्हणून तो इंट म्हणूनच गेला, आणि ६४ बिट लिनक्सवर इंट जातो साध्या रजिस्टरमधून तर डबल जातो वेगळ्या, दशांश आकड्यांच्या रजिस्टरमधून. पाठवणाऱ्याने १० एका जागी ठेवले आणि घेणाऱ्याने दुसऱ्या जागी बघितलं, तिथे आधीच्या हिशोबातला कुठला तरी आकडा पडलेला. तीच मर्यादा. त्यामुळे त्या एका रिपोर्टमध्ये ज्या ओळींवर खूण यायला हवी होती त्यावर ती येत नव्हती, प्रोग्राम पडत नव्हता, काही छापतही नव्हता आणि कुणाची तक्रारही नव्हती.

हे सापडलं तेव्हा लीडनेच सांगितलं की पीआयई बंद करण्याचा विषय आता संपला. त्यांनी तो जुना रिपोर्ट वापरणाऱ्यांना स्वतः कळवलं आणि मागच्या फायली पुन्हा चालवल्या. मला त्यांचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो कारण गप्प बसणं सोपं होतं.

ज्युनिअर मुलीला सगळ्यात जास्त वेळ लागला तो एसटीआरडुप या स्ट्रिंगची नक्कल करणाऱ्या फंक्शनवर. ती विचारायला आली, "सर, स्ट्रिंगची हेडर वर घेतलीय, तरी कंपाइलर म्हणतो हे फंक्शन माहीतच नाही, असं कसं?" उत्तर मेकफाइलमध्ये होतं. तिथे स्टँडर्ड म्हणून कडक सी९९ दिलं होतं. एसटीआरडुप हे त्या सी९९ मध्ये नाही, ते पॉझिक्स या युनिक्स सिस्टीमांच्या स्टँडर्डमधलं आहे (सी च्या स्टँडर्डमध्ये ते सी२३ ला आलं), त्यामुळे कडक मोडमध्ये हेडर ते लपवून ठेवते. फाइल घेतली म्हणजे डिक्लेरेशन आलंच असं नाही. तिथे पुन्हा तेच, इंट धरलं जातं आणि पॉइंटर कापला जातो. दोन उपाय, एक तर जीएनयू९९ मोड (सी९९ अधिक जीसीसीच्या जादा सोयी) वापरायचा किंवा पहिल्या हेडरच्या आधी पॉझिक्सची आवृत्ती सांगणारा मॅक्रो डिफाइन करायचा. टीमने मॅक्रो निवडला, मला दोन्ही चालले असते.

गंमत म्हणजे मॅलॉकची हेडर बऱ्याच फायलींत नव्हती तरी मॅलॉकने कधी त्रास दिला नाही. कारण जीसीसी मॅलॉकला आतूनच ओळखतो, डिक्लेरेशन नसलं तर वॉर्निंग देतो पण टाइप बरोबर धरतो. यामुळे लोकांचा गैरसमज होतो की डिक्लेरेशन नसलं तरी पॉइंटर नीट येतो. मॅलॉकचा येतो, तुमच्या फंक्शनचा येत नाही.

एक चूक काम चालू असताना पकडली गेली. पहिल्या काही हेडरमध्ये पॅरामीटर नसलेल्या फंक्शनांचे कंस रिकामे ठेवले होते. सी२३ च्या आधी रिकामा कंस म्हणजे 'काही घेत नाही' असं नव्हतं, 'काय घेतो ते सांगत नाही' असं होतं, म्हणजे त्याला पाच गोष्टी पाठवल्या तरी कंपाइलर हूं की चूं करणार नाही. कंसात व्हॉइड लिहिल्यावर तो खरा प्रोटोटाइप होतो. हे पकडणारी वॉर्निंग वेगळी आहे, स्ट्रिक्ट प्रोटोटाइप्सची, ती नेहमीच्या 'वॉल' फ्लॅगमध्ये आपोआप येईल असं धरून चालू नका, स्वतः लावा. तिच्याबरोबर मिसिंग प्रोटोटाइप्सची वॉर्निंगही लावली. ती सांगते की हे फंक्शन बाहेर दिसतंय पण आधी कुठे प्रोटोटाइप नाही, मग एकतर हेडरमध्ये टाक नाहीतर स्टॅटिक कर. कोणती फंक्शनं आतली आणि कोणती बाहेरची हा निवाडा या एका वॉर्निंगने आमच्याकडून करून घेतला. निम्म्याहून जास्त फंक्शनं स्टॅटिक झाली, आणि दोन फंक्शनं अशी निघाली की ती कुणीच कॉल करत नव्हतं.

निकाल

नव्या मशीनवर प्रोग्राम पीआयईसकट चालायला लागला. मोठ्या फायली तुकडे न करता जायला लागल्या, आणि नवीन माणसाला शिकवायच्या गोष्टींमधून ती सूचना काढून टाकली. चुकीची मर्यादा लागलेला रिपोर्ट दुरुस्त झाला. इंटमधून पॉइंटर करणारी ती सगळी जुनी कास्टं काढली, कारण आता ती नुसती अनावश्यक नव्हती, पुढे कधी हेडर घ्यायची राहिली तर तीच पुन्हा ते झाकतील.

बिल्डचा वेळ थोडा वाढेल अशी भीती होती, जाणवण्यासारखं काही झालं नाही.

आज परत करायचं झालं तर

एक, मी पहिल्याच दिवशी जीडीबीच्या आधी सगळ्या वॉर्निंग चालू करून एकदा बिल्ड करायला सांगेन. 'फाइल_वाचा' ची वॉर्निंग त्या ढिगात होतीच. रजिस्टर आणि डिसअसेम्बली बघून खात्री पटली, टीमला पटवताही आलं, पण तिथे पोचायला तेवढं खोल जायची गरज नव्हती.

क्रम पण बदलेन. आम्ही ज्या फायलीत प्रोग्राम पडत होता तिथून सुरुवात केली. खरं तर जिथे डबल घेणारी किंवा देणारी फंक्शनं आहेत तिथून सुरू करायला पाहिजे होतं, कारण पडणारा बग आपणहून समोर येतो, चुकीचा आकडा येत नाही. 'मर्यादा_लावा' आम्हाला कामाच्या शेवटच्या भागात सापडलं, तोवर तो रिपोर्ट आणखी काही वेळा चुकीचा गेला होता.

आणि नवशिक्यांना शिकवताना एक गोष्ट वेगळी सांगेन. बरेच जण मेन वर आणि बाकीची फंक्शनं खाली लिहून शिकतात, डिक्लेरेशन विसरतात. फंक्शन इंट देणारं असेल तर जुना कंपाइलर वॉर्निंग देऊन चालवतो, डबल किंवा पॉइंटर देणारं असेल तर खाली डेफिनिशन आल्यावर कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स म्हणून एरर देतो. यावरून मनात बसतं की गडबड असेल तर कंपाइलर अडवतोच. तो अडवतो कारण दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये आहेत. तेच फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये हलवलं की एरर नाहीशी होते आणि बग राहतो. म्हणून दोन फायलींचं उदाहरण पहिल्यापासून द्यावं, त्याशिवाय हेडर कशाला हे मुलांना कळतच नाही, ती नुसती वर लिहायची ओळ वाटते.

एक काम अजून बाकी आहे. कमांडचं नाव आणि त्याचं फंक्शन असा एक टेबल या प्रोग्राममध्ये आहे आणि त्यात फंक्शन पॉइंटरचे कंस रिकामे ठेवलेत, कारण काही कमांड एक पॅरामीटर घेतात आणि काही दोन. जीसीसी १५ बाय डिफॉल्ट सी२३ च्या नियमांनी चालतो आणि तिथे रिकामा कंस म्हणजे काहीच घेत नाही असा सरळ अर्थ, त्यामुळे तो टेबल तिथे कंपाइल होणार नाही. सध्या मेकफाइलमध्ये सी९९ असं स्पष्ट लिहिलेलं तसंच ठेवलंय, शेजारी कारणाची कमेंट आहे आणि काम त्या ज्युनिअर मुलीच्या नावावर लावलंय, सगळ्या कमांडना एकच सारखा प्रोटोटाइप द्यायचा असं तिने ठरवलंय.